चहा : पाहा, व्यसने

पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव ठाऊक असलेल्या माणसाला ग्रंथालयात काही पराक्रम करावा लागत नाही. काउंटरवर जायचं, 'बनगरवाडी' म्हणायचं आणि आतून कोणीतरी उठेपर्यंत भिंतीवरची देणगीदारांची यादी वाचायची. खरी कसोटी लागते ती ज्याला नुसता विषय ठाऊक आहे त्याची. 'चहाबद्दल काही आहे का?' असं विचारणारा माणूस काउंटरपलीकडच्या मंडळींना संशयास्पद वाटतो. याला वाचायचंय की प्यायचंय, हे त्यांना कळत नाही. मग मान न उचलता कोपऱ्यातल्या कपाटाकडे बोट जातं. "तिकडे विषयवार कार्डं आहेत. बघा."

'बघा' या शब्दात 'आणि भोगा' हे अध्याहृत असतं.

आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या जुन्या ग्रंथालयात हे कपाट अजून उभं आहे. सागवानी, छातीइतकं उंच, लहान लहान खणांचं. प्रत्येक खणाला पितळी कडी, कडीच्या वर पितळी चौकट आणि चौकटीत पिवळी पडलेली चिठ्ठी : 'अं ते आ', 'गो ते घ', 'वे ते श'. खण ओढला की तो आधी अजिबात येत नाही आणि मग सगळाच येतो. आत साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची कार्डं दाटीवाटीने उभी. प्रत्येकाच्या तळाशी एक भोक आणि सगळ्या भोकांतून आरपार गेलेली सळई. वाचकाने कार्ड उपटून खिशात घालू नये म्हणून ही व्यवस्था. आमच्याकडच्या बऱ्याच सळया कालौघात नाहीशा झाल्या. त्यांच्या जागी मोडक्या छत्र्यांच्या काड्या आहेत. 'ध ते न' या खणाला तीही नाही, त्यामुळे धर्म आणि नाटक हे दोन विषय वाऱ्यावर आहेत.

विषयवार तालिका हा वाचकांच्या सोयीसाठी केलेला प्रकार आहे असं ग्रंथालयशास्त्राची पुस्तकं सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. ही तालिका म्हणजे एका दिवंगत माणसाची मतं आहेत, अकारविल्हे लावलेली. ज्या कोणी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी जांभळ्या शाईने ही कार्डं लिहिली, त्याच्या डोक्यात चहा कुठे होता हे आधी ओळखायचं. आपल्या डोक्यात चहा कुठे आहे याला इथे कोणी विचारत नाही.

तर चहा. एका संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'मराठी घरात चहा कसा शिरला' यावर लेख मागितला होता. विषय रुचकर, मानधन बेताचं. 'च'चा खण ओढला. चर्मोद्योग आणि चळवळी यांच्या मधे चहा सापडलासुद्धा. एकच कार्ड होतं आणि त्यावर एकच ओळ : 'चहा – पाहा : पेये, उत्तेजक.'

हे 'पाहा' प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तालिकेत प्रत्येक विषयाला एकच अधिकृत नाव असतं. बाकीची नावं घेऊन आलात तर एक कार्ड तुम्हाला खऱ्या नावाकडे पाठवतं. तत्त्व उत्तम आहे. व्यवहारात मात्र ते खेड्यात पत्ता विचारण्यासारखं होतं : ज्याला विचारावं तो अतिशय आपुलकीने दुसऱ्याच आळीत धाडतो.

मी 'प'कडे गेलो. 'पेये, उत्तेजक – पाहा : व्यसने.' तिथल्या तिथे 'पेये, शीत' असं दुसरं कार्डही होतं आणि त्यामागे सरबतांची दोन पुस्तकं सुखाने नांदत होती. कोकम सुटलं, चहा अडकला. मग 'व'. व्याकरणाच्या अलीकडे व्यसनांशी पोचलो, तर तिथे जांभळ्या शाईत, वळणदार अक्षरात : 'व्यसने – हेही पाहा : अफू, कादंबरीवाचन, गांजा, चहा, जुगार, तंबाखू, मद्यपान.'

दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, हे चक्र पूर्ण झालं. चहाने पेयांकडे पाठवलं, पेयांनी व्यसनांकडे आणि व्यसनांनी परत चहाकडे. ग्रंथालयशास्त्रात हा मोठा दोष मानतात. दुसरी गोष्ट, कादंबरीवाचन. ते पेन्सिलीने कोणी चावटपणे घुसडलेलं नव्हतं. तीच शाई, तेच अक्षर, अकारविल्हे योग्य जागी. ज्या ग्रंथालयात निम्म्याहून अधिक कपाटं कादंबऱ्यांची होती, तिथे बसून हे कार्ड लिहिणाऱ्या त्या गृहस्थांबद्दल मला एकदम आदर वाटला. पगार घेताना त्यांना काय वाटत असेल?

आणि त्यांची चूक म्हणावी, तर तसंही म्हणता येत नाही. गांधीजींनी 1942 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर जी पुस्तिका लिहायला घेतली, तिच्यात चहा, कॉफी आणि कोको यांचं प्रकरण संपलं की लगेच मादक पदार्थ येतात, मग अफू, मग तंबाखू. आमच्या कार्डवाल्यांचा खण याच वाटेने जातो. तेव्हाच्या विचारी माणसाच्या डोक्यात चहाचा शेजार हाच होता. पोह्यांची बशी, पाऊस आणि चहा हा शेजार नंतरचा. मला हवं होतं ते पुस्तक सापडलं नव्हतं, पण मराठी घरात चहा कोणत्या दाराने शिरला ते मात्र कळलं. मागच्या.

व्यसनांच्या कार्डामागे चहाची म्हणून तीन कार्डं निघाली. एक चहाचे तोटे सांगणाऱ्या पुस्तिकेचं. दुसरं चहाच्या मळ्यांवरच्या मजुरांच्या हालांबद्दलचं. तिसऱ्यावर फक्त 'गहाळ' असं लिहिलं होतं आणि खाली सही. काय गहाळ, हे त्या कार्डाने सांगितलं नाही.

प्रत्येक कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात एक आकडा असतो. हे आकडे अमेरिकेतून आले. मेल्व्हिल ड्युई नावाच्या तरुणाने 1876 साली जगातलं सगळं ज्ञान दहा भागांत वाटून टाकलं. प्रत्येक भागाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा आणि पुढे दशांश चिन्ह देऊन हवं तितकं बारीक. सगळी मिळून चव्वेचाळीस पानांची पुस्तिका होती. मौज म्हणजे तिच्या मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नव्हतं. जगाला कार्डाच्या पहिल्या ओळीवर लेखक लिहायला लावणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या कार्डावर ती ओळ कोरी राहिली असती. शिवाय त्याला शुद्धलेखन सोपं करण्याचा नाद होता. स्वतःच्या नावातली जास्तीची अक्षरं त्याने छाटली आणि काही काळ आडनावही 'डुइ' असं लिहून पाहिलं. म्हणजे त्यालाही शोधायचं तर आधी एक 'पाहा' लागणार. कार्डं ठेवायची कपाटं विकणारी कंपनीही त्यानेच काढली. आधी रोग ओळखायचा, मग औषध आपणच विकायचं, ही दृष्टी आमच्या जांभळ्या शाईवाल्यांकडे नव्हती.

ड्युईच्या हिशेबात चहा एका जागी नाही. लागवड शेतीत, 633.72. पाती वाळवून डब्यात भरणं कारखानदारीत, 663.94. करून कपात ओतणं 641मध्ये, म्हणजे 'रुचिरा'च्या शेजारी. पाहुण्याला विचारणं 394.1मध्ये, रीतिरिवाजांत. आणि पिऊ नका म्हणून सांगणं 178मध्ये, नीतिशास्त्रात. साध्या एका कपासाठी माणसाने अर्ध्या ग्रंथालयाला प्रदक्षिणा घालायची. ड्युईलाही हे ठाऊक होतं, म्हणून त्याने पुस्तिकेच्या शेवटी सूची जोडली, जिथे एका शब्दापुढे हे विखुरलेले आकडे एकत्र सापडावेत. आमच्या ग्रंथालयात ती सूची होती. तिचं कार्डही आहे. पुस्तक चेअरमनसाहेबांकडे आहे.

ड्युईला ही दशांश पद्धत चर्चमध्ये एक लांबलेलं प्रवचन ऐकताना, खरं तर न ऐकताना, सुचली असं त्यानेच पुढे लिहून ठेवलं आहे. त्याचे परिणाम आपण भोगतो आहोत. धर्माला दोनशे ते दोनशे नव्याण्णव असे शंभर आकडे मिळाले. त्यातले बहुतेक ख्रिस्ती धर्माने घेतले. उरलेल्या सगळ्या जगाला मिळून 290 ते 299. हिंदू धर्म 294.5. पंढरीच्या वाटेवरच्या जिल्ह्यातल्या ग्रंथालयाला हे किती गैरसोयीचं आहे याची कल्पना अमेरिकेत बसून येणार नाही. दोनशे वीसचं, म्हणजे बायबलचं, फडताळ आमच्याकडे ऐसपैस. त्यात दोन पुस्तकं आणि एक पाण्याचा तांब्या. आणि 294.5ला पुस्तकं आडवी, उभी, एकावर एक आणि शेवटी खिडकीत.

त्यातही गंमत बघा. 'ज्ञानेश्वरी' ही गीतेवरची टीका, म्हणून ती धर्मात गेली. तुकोबांचे अभंग ही कविता, म्हणून गाथा 891.461मध्ये, मराठी काव्यात. 'ज्ञानोबा-तुकाराम' हे दोन शब्द या प्रांतात शेकडो वर्षं कोणी मधे श्वास घेऊन उच्चारलेले नाहीत. आमच्याकडे त्यांच्यामध्ये विज्ञान, स्थापत्य, गोपालन आणि शिवणकाम आहे. यावर वारकऱ्यांचं एक शिष्टमंडळ येऊन गेलं होतं म्हणतात. त्यांना आकड्यांचं शास्त्र समजावून सांगण्यात आलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना गाथा उचलून 'ज्ञानेश्वरी'शेजारी ठेवली. आता ती तिथेच असते. कार्ड मात्र अजून काव्यात आहे. जाणकार वाचक कार्डावरचा आकडा वाचतो आणि सरळ उलट्या दिशेने चालू लागतो.

आकड्यांपुढे हात टेकले तरी विषय ठरवायला शेवटी माणूसच लागतो, आणि येणारं प्रत्येक पुस्तक वाचून विषय ठरवायला त्या माणसाला आयुष्य पुरत नाही. तो मुखपृष्ठ बघतो. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' आमच्या तालिकेत 'युद्धशास्त्र' या विषयाखाली आहे. बोटीवरच्या त्या प्रेमकथेला सैन्यभरतीची तयारी करणारी किती मुलं बळी पडली असतील, याची नोंद नाही. दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' अर्थातच प्रवासवर्णनांत, 'अपूर्वाई' विनोदात. दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' हवामानाखाली, पण इथे मी कार्डवाल्यांच्या बाजूचा आहे. ते कुठे ठेवायचं, हे तुम्ही सांगून दाखवा.

काही पुस्तकं मुद्दामच छळायला लिहिलेली असतात. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' घ्या. वरसईचा एक भिक्षुक यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतो, सत्तावनच्या धामधुमीत सापडतो, झाशीच्या वेढ्यात आत अडकतो आणि जीव वाचवून घरी येतो. हा प्रवास, इतिहास, आत्मचरित्र की तीर्थयात्रा? आमच्याकडे त्याची चारही ठिकाणी कार्डं आहेत. पाचवं 'दक्षिणा – पाहा : अर्थशास्त्र' असंही असावं या आशेने मी 'द'चा खण उघडला होता. नव्हतं. 'दंतवैद्यक' होतं.

कार्डांच्या वरच्या कडा बघायला शिकलं की मात्र आकडे-विषय काही नको. लोकांची बोटं जिथे फिरली, तिथे कडा काळ्या. आमच्या गावाच्या अंतरंगाचा यापेक्षा विश्वासू दस्तऐवज नगरपालिकेतही नाही. 'अध्यात्म' कोरं करकरीत. 'ग्रामसुधारणा' छापखान्यातून आल्यासारखी. 'ज्योतिष' काळंभोर. 'मूळव्याध' त्याहून. 'कामशास्त्र' या मार्गदर्शक कार्डाचा वरचा कोपरा तर झिजून गोल झालेला. पण देवघेवीच्या वहीत त्या पुस्तकांपुढे एकही सही नाही. सगळं वाचन उभ्याउभ्या झालं असावं, एक डोळा काउंटरवर ठेवून.

कार्डांची पाठही वाचण्यासारखी असते. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर चर्चची आणि सरदारांची ग्रंथालयं सरकारजमा झाली आणि 1791 साली त्यातल्या पुस्तकांची मोजदाद करायचं फर्मान निघालं. कागदाची टंचाई. मग खेळायच्या पत्त्यांच्या पाठी वापरल्या, कारण तेव्हा त्या कोऱ्या असत. लांबलचक नावाच्या पुस्तकांसाठी एक्के आणि दुऱ्या राखून ठेवायच्या, कारण त्यांच्या पुढच्या बाजूलाही लिहायला जागा उरते. ही सूचना काढणारा अधिकारी आपल्याकडे जन्मता तर मामलेदार झाला असता. लिहून झालेले पत्ते सुईदोऱ्याने कोपऱ्यात ओवून ठेवायचे. आमच्या कपाटातली छत्रीची काडी त्याच घराण्यातली.

आमच्याकडे पत्ते नव्हते, लग्नपत्रिका होत्या. मधल्या एका काळात कार्डांसाठी अनुदान आलं नाही, तेव्हा कोणा सभासदाच्या छापखान्यातल्या उरलेल्या पत्रिका कापून वापरल्या गेल्या. 'सर्पदंश'चं कार्ड उलटलं की 'आमचे येथे श्रीकृपेकरून' निघतं. 'कायदा – वाटप व वारसा' यामागे 'कृपया आहेर आणू नये' आहे. हे ठरवून केलं असेल तर करणारा मोठा कलावंत होता. मी त्याला जांभळ्या शाईवाल्यांचाच वारस मानतो.

या सगळ्यावर उपाय काढायचे प्रयत्न आपल्याकडे झाले नाहीत असं नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे तज्ज्ञ बडोद्याला आणले आणि त्यांनी संस्थानासाठी वर्गीकरणाची वेगळी पद्धत बसवून दिली. मग मद्रासला रंगनाथन झाले. मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1924 मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले आणि शांततेला इतके कंटाळले की परत वर्गावर पाठवा म्हणून गयावया करू लागले. त्यांना आधी लंडनला जाऊन या म्हणून सांगितलं गेलं. तिथे एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा संच पाहिला. त्याच त्या पट्ट्या आणि तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की वेगळं खेळणं. विषयही असेच सुट्या भागांतून जोडावेत, हे त्यांच्या डोक्यात बसलं आणि 1933 मध्ये त्यांची कोलन पद्धत छापून आली. तिच्यात कुठलाही विषय पाच अंगांनी बघतात : व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल, काल. चहाला हे इतकं चपखल बसतं की रंगनाथन टपरीवर उभे राहून लिहीत होते की काय असं वाटावं. चहा, दूध-साखर, उकळणे, एसटी स्टँड, दुपारी चार.

वाचकाचा वेळ वाचवावा, हाही त्यांच्या पाच सूत्रांपैकी एक नियम. तो सुंदर अक्षरात लिहून आमच्या कपाटावर टांगलेला आहे. दुपारची उन्हं आली की त्याची सावली 'वे ते श' या खणावर पडते आणि चिठ्ठी वाचता येत नाही.

आता संगणक आला आहे. तिकडे अमेरिकेत ओहायोतल्या ज्या संस्थेने अब्जावारी कार्डं छापून ग्रंथालयांना पुरवली, तिने 1 ऑक्टोबर 2015 रोजी शेवटची कार्डं छापली आणि काम बंद केलं. आमच्याकडे बंद असं काही होत नसतं. नवं येतं आणि जुन्याच्या शेजारी बसतं. कोपऱ्यातल्या संगणकावर मी 'चहा' टाइप केलं. उत्तर : 'एकही नोंद आढळली नाही.' विचारपूस केल्यावर कळलं की नोंदी आहेत, भरपूर आहेत, पण त्या युनिकोड येण्याआधी कुठल्याशा जुन्या फाँटमध्ये भरल्या गेल्या. तो फाँट ज्या मशीनवर होता ते मशीन गेलं. आता त्या नोंदी पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं अशा रूपात दिसतात. त्या अवतारात चहा कसा लिहायचा हे ज्या मुलाला ठाऊक होतं तो पुण्याला नोकरीला लागला.

कार्ड निदान 'पाहा' तरी म्हणायचं. व्यसनी समजून का होईना, पुढचा खण दाखवायचं. संगणक 'नाही' म्हणतो आणि थांबतो. त्याला चहाबद्दल काही मत नाही.

ग्रंथपालबाई मात्र अजून कार्डं लिहितात. संगणकावर नोंद केली की ड्रॉवरमधून एक कोरं कार्ड काढतात, चष्मा सारखा करतात आणि मोत्यासारख्या अक्षरात विषय घालतात. निळ्या बॉलपेनने, कारण जांभळी शाई मिळत नाही. मी तंबाखू-अफूच्या शेजारून ओढून काढलेली दोन पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी आधी पुस्तकांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"लेखासाठी हवीयत," मी म्हणालो.

"सगळे तसंच म्हणतात," त्या म्हणाल्या. "कशावर लेख?"

"चहावर होता. आता थोडा या कार्डांवरही होईल असं दिसतंय."

"छापून आला की अंक द्या एक. लेखांची कार्डं करते मी, दिवाळी अंकांतल्यासुद्धा. नाहीतर कोणाला सापडतंय नंतर?" त्यांनी ड्रॉवर उघडला, आतला गठ्ठा अंगठ्याने चाळला आणि परत लावला. "पण विषय एकच सांगा हं. चहा तरी, नाहीतर कार्डं तरी. कोरी फार उरली नाहीत."